रिबोचं दुकान, डेव्हीची प्रयोगशाळा: एका जोपासनेचं प्रकरण

हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा सगळ्यांत मोठा शोध कोणता, असं विचारलं की ‘मायकेल फॅरडे’ असं उत्तर द्यायची पद्धत आहे. ज्याने सोडियम आणि पोटॅशियम पहिल्यांदा वेगळे करून दाखवले, त्याच्याबद्दल असं म्हणण्यात फॅरडेचा केवढा गौरव आहे! तरीही हे उत्तर मला दरवेळी खटकतं. शोध लागतो तो आधीपासून असलेल्या गोष्टीचा. १८१२ साली डेव्हीला पत्र लिहिणारा हा एकवीस वर्षांचा पुस्तक-बाइंडर मात्र आपोआप तयार झालेला नव्हता. त्याच्यावर आठ वर्षं कुणीतरी खतपाणी घातलं होतं, आणि ते माणूस विज्ञानातलं नव्हतं.

नव्या माणसांना हाताशी धरून कामाला लावणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा येते. पारख आणि जोपासना हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पारख एका भेटीत होऊ शकते. जोपासनेला वर्षं लागतात. तिची खरी कसोटी तर फार उशिरा लागते, रोप आपल्या खांद्याच्या वर जायला लागलं की. डेव्ही आणि फॅरडे यांच्या बाबतीत हे सगळे टप्पे कागदोपत्री उपलब्ध आहेत, कारण पत्रं आणि टिपणं दोन्ही जपून ठेवण्याची फॅरडेला सवय होती.

ब्लँडफर्ड स्ट्रीटवरचा उमेदवार

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या न्यूइंग्टन बट्स भागातला. वडील लोहार आणि सतत आजारी, त्यामुळे घरात ओढाताण. शाळेत लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब एवढंच पदरात पडलं. १८०४ साली, तेरा वर्षांचा होताना, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. रिबो गिऱ्हाइकांना वर्तमानपत्रं वाचायला भाड्याने देई. ती घरोघर पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे मुलाचं काम.

वर्षभराने रिबोने त्याला बाइंडिंगच्या कामात उमेदवार म्हणून घेतलं, सात वर्षांच्या करारावर. त्या काळी धंदा शिकवण्याबद्दल मालक मुलाच्या घरच्यांकडून रक्कम घेत. रिबोने ती घेतली नाही, आणि मुलाने आजवर इमानाने काम केलं म्हणून घेत नाही, असं करारातच लिहिलं. मला ही ओळ फार मोलाची वाटते. ज्या घरात पैसे नव्हते तिथे दार उघडायला एवढं पुरेसं झालं, आणि मुलालाही कळलं की हे उपकार नाहीत, त्याने ते कमावलं आहे.

बाइंडरच्या हाताखालून पुस्तक कसं जातं ते डोळ्यांसमोर आणा. छापील फर्मे घड्या घालून क्रमाने लावायचे, जुजबंदी करायची, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा, दाबाखाली ठेवायचं. या सगळ्यात पानं डोळ्यांसमोरून सरकत असतात. बहुतेक कारागिरांना त्यात फक्त पानांचे क्रमांक दिसतात. हा मुलगा वाचत होता. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चा विजेवरचा लेख त्याने असाच वाचला, आणि जेन मार्सेटबाईंचं संवादरूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तकही. पुढे नाव झाल्यावर तो आपले निबंध मार्सेटबाईंना भेट म्हणून पाठवत असे. त्याची पहिली शिक्षिका तीच, असं तो मानायचा.

आता मालकाच्या जागी उभं राहून बघा. उमेदवार फर्मे लावता लावता वाचत बसला आहे. काम मागे पडतंय का, ही शंका कुठल्याही मालकाला येणारच. रिबोने वाचू दिलं. वर, काम संपल्यावर दुकानातच प्रयोग करायची मुभा दिली. आठवड्याला काही पेन्स खर्चून जे करता येईल ते फॅरडे करत होता. विजेचं यंत्र त्याने आधी काचेच्या साध्या बाटलीवर बांधलं आणि नंतर खरा काचेचा दंडगोल मिळवून त्यावर. बाटलीपासून दंडगोलापर्यंतचा हा प्रवास कुणी त्याच्याकडून करवून घेतला नव्हता. कुणी अडवला नाही, एवढंच.

मासक्वेरिए नावाचा एक परागंदा फ्रेंच चित्रकार रिबोकडे भाडेकरू होता. त्याच्याकडून फॅरडे यथादर्शन रेखाटन (पर्स्पेक्टिव्ह) शिकला. त्याची खोली झाडायची, बूट पॉलिश करायचे, हीच फी. जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्यानं देत, प्रत्येकी एक शिलिंग घेऊन. तो शिलिंग फॅरडेच्या थोरल्या भावाने, रॉबर्टने, दिला. रॉबर्टही लोहारच. त्याचं नाव विज्ञानाच्या इतिहासात तळटीपेपुरतं येतं, पण त्या शिलिंगांशिवाय पुढचं घडलं नसतं. टेटमच्या व्याख्यानांची टिपणं फॅरडेने सुवाच्य अक्षरात लिहून काढली, त्यात आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने चार खंडांत बांधली आणि रिबोला अर्पण केली.

रिबोने ते खंड कपाटात ठेवून दिले नाहीत. आल्यागेल्या गिऱ्हाइकांना तो ते दाखवत राहिला. त्यांपैकी डान्स नावाच्या एका गृहस्थांनी रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेतल्या डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं या मुलाला मिळवून दिली.

रिबोला रसायनशास्त्र येत नव्हतं. विजेबद्दल फॅरडेला तो काही शिकवू शकला नसता. त्याने दिला तो वेळ, जागा, पुस्तकं आणि लोकांसमोर अभिमानाने घेतलेलं नाव. हा मुलगा गेला तर आपला एक चांगला बाइंडर जातो, हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. फॅरडेच्या जुन्या चरित्रात एक नोंद आहे, की रिबोच्या हाताखालच्या इतर दोन उमेदवारांपैकी एक पुढे गायक झाला आणि दुसरा रंगभूमीवरचा विनोदी नट. तीन उमेदवार आणि तिघांच्या तीन वाटा, बाइंडिंगची त्यात एकही नाही. धंद्याच्या हिशेबात हा आतबट्ट्याचा व्यवहार दिसेल. मला त्यात त्या दुकानाची हवा दिसते.

चार व्याख्यानं आणि एक बांधीव वही

१८१२ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फॅरडेने डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उमेदवारी संपली आणि तो दुसऱ्या एका फ्रेंच बाइंडरकडे कारागीर म्हणून लागला. हा मालक तापट, पण त्याचा मुलावर जीव जडला. आपल्याला मूलबाळ नाही, तू राहिलास तर माझ्यामागे सगळं तुझं, असं त्याने सांगून पाहिलं. माया होती यात शंका नाही. पण ही माया माणसाला आपल्याजवळ ठेवण्यासाठी होती. घरात, संस्थेत, कुठेही चांगल्या माणसाला आपण जे देऊ करतो ते पुष्कळदा याच जातीचं असतं, आणि देणाऱ्याला ते उदारपणाचंच वाटतं.

विज्ञानात कुठलंही, अगदी खालचं काम मिळावं म्हणून फॅरडेने आधी रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना लिहिलं होतं. तो दारवानाकडे चौकशीला गेला तेव्हा निरोप मिळाला, ‘उत्तर नाही’. मग डिसेंबरमध्ये त्याने डेव्हीला लिहिलं, आणि सोबत त्या चार व्याख्यानांची टिपणं पाठवली. तीनशेहून अधिक पानं, आकृत्यांसह, स्वतः बांधलेली.

डेव्हीचं उत्तर २४ डिसेंबर १८१२ चं आहे. त्यात त्याने कौतुक केलं ते उत्साहाचं, स्मरणशक्तीचं आणि अवधानाचं. प्रतिभेचा उल्लेख नाही, आणि टिपणांत प्रतिभा दिसण्यासारखं काही नव्हतंही. दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकून, समजून, नेटकं मांडलं होतं. डेव्हीने जे दिसलं तेवढंच वाचलं. नव्या माणसात भविष्य शोधू पाहणाऱ्यांनी या पत्रापाशी जरा थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

भेटीत डेव्हीने त्याला सांगितलं, की धंदा सोडू नकोस. विज्ञान कठोर आहे आणि पैशाच्या बाबतीत हात आखडता ठेवतं. विज्ञानातली माणसं मनाने थोर असतात, या मुलाच्या कल्पनेवर तो हसला आणि ते काही वर्षांच्या अनुभवावर सोडू म्हणाला. संस्थेचं बाइंडिंगचं काम मात्र देतो असं आश्वासन दिलं. बऱ्याच जणांना हा नकार वाटतो. माझ्या मते डेव्ही इथे अगदी बरोबर वागला. जागा रिकामी नव्हती, म्हणून त्याने खोटी आशा लावली नाही, आणि हातातलं जे देता येईल ते देऊ केलं.

थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारीवरून काढून टाकला गेला. एका रात्री फॅरडे झोपायच्या तयारीत असताना दारावर थाप पडली. खिडकीतून पाहिलं तर खाली बग्गी उभी, आणि डेव्हीचा नोकर चिठ्ठी देऊन निघालेला. १ मार्च १८१३ रोजी नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग, इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. डेव्ही त्याला विसरला नव्हता, ही गोष्ट मला भेटीतल्या सल्ल्याइतकीच मोठी वाटते.

दीड वर्षाचा प्रवास

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही पत्नीसह युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि फॅरडेला मदतनीस म्हणून सोबत घेतलं. ऐन वेळी डेव्हीच्या खासगी नोकराने यायचं नाकारलं. पॅरिसला दुसरा नोकर मिळेल, तोवर ती कामंही तू कर, असं ठरलं. दुसरा मिळालाच नाही.

शिक्षण म्हणून पाहिलं तर या दीड वर्षाला तोड नाही. पॅरिसमध्ये डेव्हीने एका नव्या जांभळ्या वाफेच्या पदार्थाची, म्हणजे आयोडीनची, प्रवासी पेटीतल्या उपकरणांवर तपासणी केली, ती फॅरडेच्या समोर. फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी हिरा जाळला. अँपियर आणि व्होल्टा यांना त्याने जवळून पाहिलं. शास्त्रज्ञ अडतो कुठे, चुकतो कसा, मन कधी बदलतो, हे कुठल्याही वर्गात दिसत नाही.

आणि त्याच दीड वर्षात लेडी डेव्हीने त्याला नोकराच्या जागी ठेवलं. मित्राला लिहिलेल्या पत्रांत फॅरडेने ते खुलेपणाने लिहिलं आहे. आपला अधिकार खालच्यांना जाणवून देण्यात या बाईंना आनंद वाटतो, असं तो लिहितो. एकदा तर परत फिरावं असंही त्याच्या मनात आलं.

डेव्हीने हे थांबवलं नाही. सकाळी ज्याच्याशी आयोडीनबद्दल बोलायचं त्यानेच संध्याकाळी आपले कपडे काढून ठेवायचे, यात त्याला विसंगती जाणवली नसावी. इथे या प्रकरणातली पहिली भेग दिसते, असं माझं मत आहे. हाताखालच्या माणसाची बुद्धी मान्य करणं आणि त्याची बरोबरी मान्य करणं यांत फार मोठं अंतर आहे. डेव्हीने ते कधी पार केलं नाही.

परतल्यावर मात्र त्याने हात आखडला नाही. फॅरडेचा पगार वाढला. १८१५ मध्ये खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्याचं काम झालं, तेव्हा डेव्हीने लेखी आभार मानताना फॅरडेचं नाव घेतलं. टस्कनीतल्या चुन्याच्या एका नमुन्याचं पृथक्करण त्याच्यावर सोपवलं आणि १८१६ मध्ये ते फॅरडेच्या नावावर छापून आलं. काम शिकवणारे पुष्कळ भेटतात. काम शिकवून त्यावर नाव शिकणाऱ्याचं पडू देणारे कमी.

रोप खांद्याच्या वर जातं तेव्हा

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवलं की विजेच्या तारेजवळ चुंबकसूची हलते. वोलास्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला वाटलं, की तार स्वतःच्या अक्षाभोवती फिरवता येईल. एप्रिल १८२१ मध्ये त्याने आणि डेव्हीने इन्स्टिट्यूशनमध्ये तसा प्रयत्न केला, तो फसला. सप्टेंबरमध्ये फॅरडेने वेगळ्याच मांडणीने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती सलग फिरवून दाखवली. आजच्या विजेच्या मोटरचं मूळ तिथे आहे. त्याने घाईने निबंध छापला आणि त्यात वोलास्टनचा उल्लेख केला नाही.

ही चूक फॅरडेची होती. वोलास्टनला भेटायचा त्याने प्रयत्न केला होता, ते गावाला गेलेले होते, पण तेवढ्यासाठी छपाई थांबवता आली असती. कुजबुज सुरू झाली, की या पोराने मोठ्या माणसाची कल्पना ढापली. फॅरडेने वोलास्टनची भेट घेऊन खुलासा केला, आणि वोलास्टनने मन मोठं केलं. फॅरडेचे गुण आणि दोष डेव्हीइतके कुणाला ठाऊक होते? त्याने एक वाक्य बोललं असतं तर कुजबुज थांबली असती. ते वाक्य आलं नाही. १८२३ मध्ये फॅरडेने क्लोरीन वायू द्रवरूपात आणला, तेव्हा ही दिशा आपण सुचवली होती अशी जोड डेव्हीने त्याच्या निबंधाला दिली.

मे १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडेचं नाव सुचवणारं पत्रक लागलं. त्यावर पहिली सही वोलास्टनची. डेव्ही अध्यक्ष असून विरोधात उभा राहिला. पत्रक काढून घे, असं त्याने फॅरडेला सांगितलं. मी ते लावलेलं नाही, सुचवणाऱ्यांनी लावलं आहे, असं उत्तर आलं. मग त्यांना काढायला सांग. ते काढणार नाहीत. मग अध्यक्ष म्हणून मी काढेन. सर हम्फ्रींना सोसायटीच्या हिताचं वाटेल तेच ते करतील, एवढं बोलून फॅरडे गप्प राहिला. हा संवाद त्याने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. सुचवणाऱ्यांपैकी एकाला डेव्हीने सॉमरसेट हाउसच्या, म्हणजे सोसायटीच्या इमारतीच्या, अंगणात तासभर फेऱ्या मारत समजावलं, की फॅरडेची निवड होता कामा नये. ८ जानेवारी १८२४ रोजी निवड झाली. विरोधात एकच मत पडलं.

डेव्हीला असूया होती, असं म्हणून विषय मिटवता येतो. मला ते अपुरं वाटतं. डेव्ही स्वतः लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा. वडील लवकर गेले, एका वैद्याकडे उमेदवारी केली. डेव्हीस गिडी नावाच्या गृहस्थांनी आपलं ग्रंथालय त्याला खुलं केलं, बेडोज यांनी ब्रिस्टलच्या संस्थेत प्रयोगशाळा हातात दिली. वर येणाऱ्याला हात लागतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण त्याला हात देणारे दोघेही त्याच्या क्षेत्रातले प्रतिस्पर्धी नव्हते. शिष्याकडून हार व्हावी अशी इच्छा गुरूने धरावी, असं म्हणतात. रिबोवर ती वेळ कधी येणार नव्हती, फॅरडे त्याच्या शर्यतीतच नव्हता. डेव्हीवर ती आली, आणि तीही त्याचं स्वतःचं काम मंदावत असताना. म्हणून रिबोला थोर आणि डेव्हीला खुजा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. दोघांना दिलेली परीक्षा एक नव्हती.

शिवाय पुढच्याच वर्षी, १८२५ मध्ये, फॅरडे प्रयोगशाळेचा संचालक झाला, तो डेव्हीच्याच शिफारशीवरून. एकाच माणसाने वर्षाच्या अंतराने दार लोटलंही आणि उघडलंही. माणसं घडवण्याच्या गोष्टी सांगताना आपण ही गुंतागुंत गाळून टाकतो, आणि मग प्रत्यक्षात तसा गुरू भेटला की शिकणारा गोंधळून जातो.

फॅरडेची पाळी

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होणं, दाखवलं. जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर त्यावर उभे आहेत. पण ज्याला इतक्या हातांनी वर आणलं त्याने स्वतः किती जणांना वर आणलं? आपल्यासारखा संशोधक त्याने हाताखाली घडवला नाही. चार्ल्स अँडरसन हा तोफखान्यातला निवृत्त सार्जंट जवळपास चाळीस वर्षं त्याचा मदतनीस होता, निष्ठावान, पण मदतनीसच.

दुसऱ्या बाजूला मुलांसाठीची नाताळ व्याख्यानं आहेत. १८२७ ते १८६० या काळात फॅरडेने ती १९ वेळा दिली. मेणबत्ती कशी जळते एवढ्यावर सहा व्याख्यानं देऊन त्याने मुलांना रसायनशास्त्रात ओढलं. तरुण भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलला त्याने उत्तेजनाची पत्रं लिहिली, आपल्याला न येणाऱ्या गणिताचं मनापासून स्वागत केलं. मला यात ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानाची आठवण येते. एकाला जवळ बसवून घडवणं त्याला जमलं नाही. दार उघडं ठेवणं जमलं.

डेव्ही २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात वारला. त्याच्याबद्दल वाईट बोललेलं फॅरडेला आयुष्यभर खपत नसे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेव्हीचे एक चरित्रकार माहिती मागत होते. फॅरडेने आपली पहिली भेट कशी झाली ते लिहिलं, आणि १८१२ च्या २४ डिसेंबरची ती मूळ चिठ्ठी सोबत पाठवली. सतरा वर्षं ती त्याच्यापाशी होती, अंगणातल्या फेऱ्यांनंतरही. खाली त्याने लिहिलं, की ही फार जपून ठेवा आणि मला परत पाठवा, माझ्या लेखी तिची किंमत काय आहे हे तुम्ही ओळखालच.